उजव्या डोळ्यातली लेक

उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर पेंटरने आधी काय पाहिलं असेल, तर भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, आणि तो शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचून झाल्यावर तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "चौथ्या ओळीत अक्षरांची जाडी चुकलीय. कोणाकडून करून घेतलात हा?" बाई हसल्या. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस तो; सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो!

प्रकरण मात्र हसण्यासारखं नव्हतं. त्याच्या डोळ्यांच्या आत वर्षानुवर्षं सूज होती. ती ओसरायची, पुन्हा उसळायची, आणि तिच्यापायी, शिवाय तिच्यावरच्या औषधांपायी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू दाटला होता. इतरांचा मोतीबिंदू सकाळी काढतात आणि संध्याकाळी ते घरी जाऊन भांडायला मोकळे होतात. याला मात्र बाईंनी बजावलं होतं की, डोळा काही महिने शांत राहिल्याशिवाय मी हात लावणार नाही, आणि नंतरही सूज परतली तर मिळालेली नजर जाऊ शकते. लोक डोळ्यांत तेल घालून वाट पाहतात, पेंटरने थेंब घालून पाहिली. सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी होती. सूज पहिल्यांदा आली तेव्हा त्याची लेक सात वर्षांची होती. आता तीच दुकान सांभाळत होती, शिडीवर चढून पाट्या रंगवत होती, आणि तिचा मोठेपणीचा चेहरा तिच्या बापाने कधी धड पाहिलाच नव्हता.

"बाबा, दिसतंय का?" दारातून तिचा आवाज आला, भरदार, जरासा घोगरा, रोजचाच. पेंटर वळला. दारात सात वर्षांची पोर उभी होती. एक वेणी सुटलेली, पुढचा दात पडलेला, खांद्याला मोठ्या बाईची पर्स.

"दिसतंय," तो म्हणाला आणि त्याला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

घरी आल्यावर त्याने एकेक गोष्ट तपासून पाहिली. बायकोचे केस पांढरे झाले होते. आरशात त्याच्याऐवजी त्याचे वडीलच उभे असल्यासारखे वाटत होते. समोरच्या गल्लीत नव्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, जुन्यांचे रंग उडाले होते. सगळ्या जगाने आपलं वय इमानाने वाढवलं होतं, फक्त पोर तेवढी राहिली होती. तो तळहाताने उजवा डोळा झाकायचा, की डाव्या डोळ्यातल्या धुक्यात उंच, रुंद खांद्यांची एक आकृती हलताना दिसायची. डावा झाकला, की तीच आकृती रंगाचा डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून, धापा टाकत, टर्पेंटाइन महाग झाल्याची तक्रार करत असायची. ओठ शब्दांबरोबर बरोबर हलायचे. पेंटरला कळेनासं झालं होतं ते हेच. भास असता तर तो कुठेतरी चुकला असता.

चार-आठ दिवसांनी जेवताना लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्याकडे बघतच नाही. माझ्या कमरेकडे बघून बोलता. एवढी वाईट दिसते का मी?"

"अगं, नाही गं. नवं भिंग आहे, सवय व्हायचीय."

ती अर्धं ताट तसंच ठेवून उठली, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं जिच्या चेहऱ्यासाठी झुरलो, तिलाच आपण दुखावतोय.

डॉक्टरीणबाईंना त्याने अर्धंच सांगितलं, की माणसं लहान दिसतात. सगळीच का, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी डोळा उलटसुलट तपासला. "भिंग जागेवर आहे, पडदा उत्तम आहे, सुजेचा मागमूस नाही. मेंदूला जरा वेळ द्या, काका. पण डाव्या डोळ्याला वेळ देऊ नका. आत्ता शांत आहे तोवर करून घेऊ. पुन्हा उसळला तर कायमचा जाईल."

पेंटर जिना उतरला तो भिंत धरून. मोठी झालेली लेक उरली होती ती फक्त डाव्या डोळ्यात, धुक्यात का होईना. तो डोळा स्वच्छ केला आणि त्यातही तीच पोर निघाली, तर ही कुठे जाईल? आणि नाही केला, तर एक दिवस ती अंधारात बुडेलच. इकडे आड, तिकडे विहीर.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी लेक एक पाटी पुरी करायला दुकानात गेली होती आणि बायको पलंगावर बसून वाळलेले कपडे घडी करत होती. तिच्यासमोर बसून पेंटरने सगळं सांगून टाकलं, दारात उभ्या पोरीपासून ते डाव्या डोळ्याच्या भीतीपर्यंत. ती हसेल असं त्याला वाटलं होतं, नाहीतर रडेल. तिने लेकीच्या शर्टाची घडी पुरी केली.

"वेणी सुटलेली?" तिने विचारलं.

"हो."

"आणि दात? पुढचाच ना?"

"तुला कसं कळलं?"

ती उठली, रस्त्याकडची खिडकी लावून घेतली आणि त्याच्या अगदी जवळ येऊन बसली.

"अहो, तिच्यासमोर हे कधी बोलू नका," ती हळूच म्हणाली. "आपण मोठी झालोय असं वाटतं तिला."

जिन्यावर पावलं वाजली आणि दार उघडलं. पेंटरने पाहिलं, पोर उंबरठ्यावर बसून चपलेचा बंद सोडत होती, कोपरापर्यंत निळ्या रंगाने माखलेली. बायकोने मान वर केली, आणि पोरीच्या डोक्याच्या खूप वर, दाराच्या वरच्या कडीपाशी नजर स्थिर ठेवून, रोजच्यासारखी हसून म्हणाली, "दमलीस गं?"