निसटली नाही ती वेणी

मी एक जुनी वेणी आहे. वेणी खोटी, पण केस खरे बरे का. जुनी माणसे मला गंगावन म्हणतात. मित्रांनो, माझ्या कारागिराने मला तीन पेडांत इतके घट्ट विणले की अजून माझा एकही पेड ढिला पडलेला नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

तरुणपणी मी नाटकात होते. नटीने कितीही गिरक्या घेतल्या तरी मी कधी निसटले नाही. पुढे नटीने नाटक सोडले आणि मी पत्र्याच्या ट्रंकेत जाऊन पडले. किती वर्षे, ते विचारू नका. डांबराच्या गोळ्यांच्या वासात दिवस मोजवत नाहीत.

एकदा ती ट्रंक नटीच्या भाचीने उघडली. भाची म्हणजे रुग्णालयातल्या मोठ्या सिस्टर. "मावशी, ही मी नेते. माझ्या पोरींना शिकवायला हवी आहे." पोरी म्हणजे त्यांच्या हाताखालच्या सिस्टर. आजाराने किंवा भीतीने भान हरपलेली माणसे कधी हात उगारतात, कधी केस धरतात. तेव्हा स्वतःला कसे सांभाळायचे आणि रुग्णालाही, ते त्या शिकवणार होत्या.

पहिल्याच वर्गात माझी फजिती झाली. मला धाकट्या सिस्टरच्या अंबाड्याला पिनांनी अडकवले. वॉर्डातले धिप्पाड मदतनीस, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते रुग्ण झाले आणि त्यांनी मला धरले. धाकटीने मागे हिसका दिला. मी मामांच्या मुठीत आणि ती चार पावले लांब. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत. "वेणी सुटली, तू नाही. खऱ्या केसांना पिना नसतात. मागे नाही, पुढे जायचं. त्याची मूठ आपल्याच डोक्याशी दाबून धरायची, म्हणजे ओढ बसत नाही. आवाज खाली ठेवायचा आणि मदत बोलवायची. वेणी डोक्यावर राहिली तर पास."

धाकटीला ते काही जमेना. महिन्यापूर्वी एका रुग्णाने तिला भिंतीवर ढकलले होते. तेव्हापासून समोर हात उठला की तिचे पाय आपोआप मागे जात. हे काम तिचा जीव की प्राण, तरी राजीनामा लिहून तिने खिशात ठेवला होता. आई रोज फोनवर विचारायची, "दिलास का गं?" नऊ वेळा मी मामांच्या मुठीत गेले.

"आजही जमलं नाही, तर देऊन टाकते," ती म्हणाली.

"मग माझा मार खाणार कोण?" मामा म्हणाले. "चल, अजून एकदा."

तेवढ्यात शेजारच्या वॉर्डातून आरडाओरडा ऐकू आला. धाकटी धावली. मी डोक्यावरच आहे, हे ती साफ विसरली. पोटाचे ऑपरेशन झालेले एक आजोबा गुंगीत पलंगाच्या अगदी कडेला आले होते. आपण कुठे आहोत, हेच त्यांना कळत नव्हते. ती जवळ जाताच त्यांनी मला पकडले आणि सगळा भार माझ्यावर टाकला.

मित्रांनो, एक हिसका दिला असता तर ती सुटली असती. पण मग आजोबा टाक्यांसकट फरशीवर आपटले असते. तिचे पाय मागे सरकले. माझ्या दोन पिना निखळल्या. मग ती थांबली आणि पुढे झाली. एका हाताने तिने आजोबांची मूठ डोक्याशी दाबून धरली, दुसरा हात त्यांच्या पाठीला लावला.

"मामा, या, पण हळू," ती म्हणाली. "आजोबा, तुम्ही दवाखान्यात आहात. मी इथंच आहे."

मामा आणि मोठ्या सिस्टर दोन्ही बाजूंनी सावकाश आले. आजोबांची मूठ सैल झाली.

"आमची ही कुठंय?" त्यांनी विचारले.

"बाहेर बसल्यात. बोलावते हं."

एका पिनेवर का होईना, मी डोक्यावर होते! टाळ्या मी नाटकात पुष्कळ ऐकल्या. त्या दिवशी मोठ्या सिस्टर फक्त "पास" म्हणाल्या आणि माझा ऊर भरून आला.

आता हा वर्ग धाकटीच घेते. तो राजीनामा माझ्या डब्याच्या तळाशी अंथरलेला आहे, मी त्याच्यावरच झोपते. मित्रांनो, मला वापरून झाले की हलक्या हाताने विंचरून ठेवा. आणि मार खाऊन आलेल्या कुणा सिस्टरला 'चालायचंच' म्हणू नका. तिला शिकवा, तिच्या हाकेला धावून जा.

उद्या दहा वाजता नवी तुकडी येते आहे. मामा म्हणे आतापासूनच बाह्या सरसावून बसले आहेत. ओढा म्हणावे, किती ओढायचे ते.