लिओन्सिओच्या गाडीची चौथी काच

भर दुपारी, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, सिएनफ्वेगोस शहरातली आमची अख्खी गल्ली एदुविनाबाईंच्या दारात जमली होती. रोज रस्त्यात डॉमिनो खेळत बसणारे डॉमिनोवाले तर टेबलच उचलून घेऊन आले होते. सगळ्यांचे डोळे रस्त्यात उभ्या असलेल्या जुन्या फिरोजी अमेरिकन गाडीवर होते. दारं लावून घेऊन आत बसला होता पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला पाद्रिनो ओब्दुलिओ. पाद्रिनो म्हणजे धर्मपिता. ही पदवी त्याने स्वतःच स्वतःला बहाल केली होती.

तो काहीतरी पुटपुटला, दोन बोटांनी हँडल फिरवलं आणि लांबलचक कण्हत काच खाली गेली. आतून गरम हवेचा झोत आला आणि त्याबरोबर चिरूटाचा वास.

"लिओन्सिओ," एवढंच म्हणून एदुविनाबाई मटकन खाली बसल्या.

लिओन्सिओ त्यांचा नवरा. तो गेल्यावर बाईंनी गॅरेजला कुलूप घातलं, ते नातीचं लग्न ठरल्यावरच काढलं. नातीला आजोबांच्या गाडीतून मिरवायचं होतं. इंजिन थोड्या खटपटीने सुरू झालं, पण चारही काचा जाम. शेजारच्या कासिमिरोने अंगातली सगळी ताकद लावली तेव्हा हँडल वाकलं, काच मात्र तसूभर हलली नाही. ऑगस्टच्या उकाड्यात अशा गाडीतून गेलेली नवरी चर्चपर्यंत उकडूनच निघाली असती.

तेवढ्यात ओब्दुलिओ उगवला. लिओन्सिओ काचा आतून धरून बसलाय, त्याला तहान लागलीय, असं त्याने सांगितलं. मग तो रोज संध्याकाळी येऊन काच आणि रबराच्या फटीत सुगंधी 'आत्मजल' ओतू लागला. मृतात्म्याला निवांत पिऊ द्यावं, कोणी हात लावू नये, अशी सक्त ताकीद होती. बाई त्याला कॉफी पाजत होत्या, गल्ली श्वास रोखून बघत होती. मीही त्या गल्लीतलाच.

आणि आता एक काच उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली. लोक नाचायलाच लागले. कोणीतरी ढोल आणला. कासिमिरो आपला सांधेदुखीचा गुडघा पाद्रिनोकडून बरा करून घ्यायला पुढे येऊन उभा राहिला.

चौथ्या काचेशी मात्र ओब्दुलिओ थबकला. खिन्न चेहऱ्याने त्याने जाहीर केलं की गाडी या घरात असेपर्यंत लिओन्सिओ ही काच सोडणार नाही. ओब्दुलिओच्या स्वतःच्या भाच्याचं घर समुद्राकाठी होतं. गाडी तिथे गेली की आत्मा शांत होईल. बाईंनी डोळे पुसले आणि किल्ली काढायला कमरेशी हात नेला.

गर्दीत आमच्या दंतवैद्य डॉक्टर सेनाइदा होत्या. त्यांनी उघडलेल्या काचेवरून बोट फिरवलं, अंगठ्याला चोळलं, हुंगलं.

"एदुविनाबाई, किल्ली रविवारपर्यंत राहू द्या," त्या म्हणाल्या. "चौथ्या काचेवर मी इलाज करून बघते. दात कितीही घट्ट असला तरी मी आधी घण घालत नाही."

ओब्दुलिओने कोप होईल म्हणून बजावलं, पण फुकट दुसरा खेळ बघायला मिळत असताना गल्ली थोडीच ऐकणार.

डॉक्टरीणबाईंनी सगळं उघड्यावर केलं. सुई काढलेल्या सिरिंजने काचेच्या कडेने ग्लिसरीन सोडलं आणि मुरू दिलं. रविवारी गाडी उन्हात लावून रबरावर गरम पाण्याची फडकी ठेवली. मग हँडल हळूच केसभर इकडे, केसभर तिकडे.

"मंत्राशिवाय काच फुटेल," ओब्दुलिओ बाजूने म्हणाला.

"मंत्र आहे की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि खणखणीत आवाजात सुरू झाल्या, "वरचे दात वरून खाली, खालचे दात खालून वर, गोड खाल्लं की चूळ भरा."

गल्लीने ढोलाच्या तालावर तेच उचलून धरलं. डॉमिनोवाले ठेका देत होते, कासिमिरो गुडघा विसरून नाचत होता. 'चूळ भरा'च्या गजरात चौथी काच कण्हत कण्हत खाली गेली.

ओब्दुलिओ हार मानणाऱ्यांतला नव्हता. म्हणाला, "लिओन्सिओ हिला घाबरला. हयातीत हिनेच त्याच्या दाढा उपटल्या होत्या."

"तो माझ्या दवाखान्यात कधी आलाच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दारातल्या रांगेतूनच पळून जायचा."

एदुविनाबाई खुदकन हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या असतील. "खरंय," त्या म्हणाल्या, "चिरूटाने सगळे दात काळे झाले होते त्याचे." मग हळूच विचारलं, "पण सेनाइदा, तो वास?"

"वास त्याचाच आहे. इतकी वर्षं इथे बसून चिरूट ओढले, तो धूर गाद्यांमध्ये मुरलाय. ऊन लागलं की वर येतो. त्यासाठी कोणाला किल्ली द्यावी लागत नाही."

मग त्यांनी सगळ्यांना समजावलं. पडून राहिलेल्या गाडीत रबर वाळून काचेला चिकटतं, आतलं ग्रीस मेणासारखं थिजतं. ओब्दुलिओचं आत्मजल म्हणजे अत्तर घातलेलं ग्लिसरीन. बाकी काम वेळेने आणि उन्हाने केलं. चौथ्या फटीत त्याने नुसतं अत्तराचं पाणी ओतलं होतं. हे ऐकून लोक वळले, तेव्हा पाद्रिनो कोपऱ्यावरून दिसेनासे होत होते.

नात चारही काचा उतरवून, पदर वाऱ्यावर सोडल्यासारखी ओढणी उडवत चर्चला गेली. आजी पुढच्या सीटवर डोळे मिटून वास घेत होती.

चमत्कार बघून मीही टाळ्या वाजवल्या होत्या, म्हणून सांगतो. टाळ्या जरूर वाजवा, पण त्याआधी बाटलीत काय आहे ते विचारा. आणि जो विचारू देत नाही, त्याच्या हातात आपल्या घरातली कुठलीही किल्ली देऊ नका.