कोरी राहिलेली चौकट

मी चुकांचा तक्ता बोलतोय. नाव ऐकूनच तोंड वाकडं केलंत ना? सवय आहे मला.

एका दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर माझा जन्म झाला. म्हणजे रोजच व्हायचा. सकाळी प्रयोगशाळेतून रक्ताच्या रिपोर्टांची फाइल यायची, इथली बाई ती डेटाबेसमध्ये ओढून घ्यायची, आणि फाइलीतलं जे रकान्यात बसायचं नाही त्याची नोंद घेऊन मी उभा राहायचो. कितवी ओळ, कुठला रकाना, एवढंच. नाव नाही, गाव नाही.

आधी माझ्यात एकच ओळ असे. फाइलीच्या शेवटी प्रयोगशाळावाले 'एकूण' म्हणून एक ओळ टाकायचे, ती बिचारी कुठे बसणार? म्हणून आधीच्या कारकुनाने जाताना बाईला बजावलं होतं की हा तक्ता दिसला की उडवायचा, कचरा आहे. तीही इमानेइतबारे उडवायची. त्याने कुणाचं काही अडत नव्हतं, खोटं कशाला बोलू.

मग प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं. रक्तातली साखर त्याच्या मापाबाहेर गेली की ते आकड्याआधी 'पेक्षा जास्त'ची खूण छापायचं. आमचा साखरेचा रकाना हट्टी, आकड्याशिवाय काही घेईना. खूण दिसली की चौकट कोरी. डॉक्टर जास्त साखरवाले वर येतील अशी यादी लावायचे आणि वरच्यांना त्याच दिवशी बोलावून घ्यायचे. कोरे राहिलेले तळाला. म्हणजे ज्यांची साखर सगळ्यांत भयंकर, तेच सगळ्यांत खाली. माझ्यात आता दोन-दोन, तीन-तीन ओळी येऊ लागल्या. पण वाचतो कोण?

बाईचे वडील ती लहान असतानाच गेले. मामाने लोकांच्या भिंती रंगवून तिला वाढवलं, शिकवलं. तो मामा हल्ली ग्लासामागून ग्लास पाणी पीत होता, कपडे अंगावर लोंबायला लागले होते. बाईने त्याला हट्टाने आणून तपासणीसाठी रक्त द्यायला लावलं. दुसऱ्या दिवशी फाइल आली, मी जन्मलो, तिने मला उडवलं. मग यादीत मामाचं नाव शोधलं. चौकट कोरी. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट यायचा राहिला असेल, उद्या सुट्टी आहे, परवा बघू.

तिने फोन लावला. "मामा, काळजी करू नकोस. जास्त असती तर तुझं नाव वरच आलं असतं."

"तू तिथे बसलीयेस म्हटल्यावर मला कसली काळजी?" मामा म्हणाला.

सुट्टीच्या दुपारी तो आडवा झाला, तो उठलाच नाही. मोठ्या रुग्णालयात नेलं, तिथे कारण कळलं. साखर.

कामावर परतल्यावर बाईने आधी मूळ फाइल उघडली. मामाच्या नावापुढे आकडा होता, आणि आकड्याआधी ती खूण. प्रयोगशाळा म्हणाली, आम्ही तर पाठवलं होतं. डॉक्टर म्हणाले, यादीत आकडाच नव्हता. दोघांचंही खरंच होतं.

बाईने त्या दिवसाची फाइल पुन्हा ओढली. मी पुन्हा जन्मलो, दोन ओळींचा. एक 'एकूण'ची, एक मामाची. तोच मी बोलतोय. या खेपेला तिने मला उडवलं नाही. मग नवं यंत्र आल्यापासूनच्या सगळ्या फाइली काढल्या, माझी सगळी भावंडं पुन्हा जन्माला घातली आणि ओळी शोधून एकेकाला फोन लावायला बसली. काही फोन पेशंटनेच उचलले. एक फोन एका मुलीने उचलला. बाईने विचारलं, तुमचे वडील आहेत का? पलीकडून उत्तर आलं ते रडण्याचं.

आता रकाना दुरुस्त झालाय. मी मात्र अजून आहे. बाई रोज मला उघडते, दुसरी ओळ बघते आणि बंद करते. मला तिची दया येते.

तुमच्याही कॉम्प्युटरवर माझी जात उगवत असेल. खुशाल उडवा, मला जगायची हौस नाही. पण आधी उघडा. माझ्यात नाव नसतं, नुसता ओळीचा आकडा असतो. त्या ओळीवर कोण बसलंय, ते तुम्हालाच जाऊन बघावं लागेल.