मेणाशिवायचं लोशन

सासरे गेले आणि लोशनचा कारखाना दोन मुलांच्या हाती आला. कारखाना कसला, घरामागच्या तीन खोल्या. थोरला बाटल्यांवर लेबलं सरळ चिकटली की नाही एवढंच बघायचा. धाकटा तेही बघत नसे, कारण तो 'विचार करायचा'. लोशन बनवायची थोरल्याची बायको. ती रसायनशास्त्र शिकलेली. सासऱ्यांनी सगळं तिच्यावरच सोपवलं होतं.

एकदा धाकटा कुठल्याशा शिबिरातून ज्ञान पाजळत आला.

"वहिनी, हे पांढरं मेण आजपासून बंद. आपलं लोशन आता नैसर्गिक. तेल आणि पाणी, बस्स."

"भाऊजी, मेण काढलं तर ती दोन्ही एकत्र राहायची नाहीत."

"का? स्पिरिट नाही मिसळत पाण्यात?"

"मिसळतं. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात. स्पिरिटलाही त्यांना धरता येतं, म्हणून ते आत सामावतं. तेलाला धरता येत नाही, ते बाहेर पडतं. मेणाचं एक टोक पाण्यात रमतं, दुसरं तेलात. त्याचं वेष्टण असलं, की तेलाचे थेंब पुन्हा एकत्र येत नाहीत."

धाकट्यानं जांभई दिली. "जोरात घुसळलं की सगळं मिसळतं. आपला मिक्सरच लेचापेचा आहे."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नेमका त्याच क्षणी त्याला एका लेबलाचा कोपरा उचकटलेला दिसला.

नवा मिक्सर आला. त्यातून दुधासारखं पांढरं लोशन निघालं तेव्हा धाकट्याला आभाळ ठेंगणं झालं.

"बघा, वहिनी!"

"थोडं ठेवून बघा, भाऊजी."

पण थांबणं हे सामान्य माणसांचं काम. त्यानं तिथल्या तिथं बाटल्या भरून घेतल्या आणि दुकानदारांना सभागृहात बोलावलं. तिथं तो शुद्धतेवर इतका वेळ बोलला, की त्याच्या पाठीमागे टेबलावरच्या बाटल्यांत तेल सावकाश वर आलं, पाणी खाली बसलं, आणि हे त्याच्याखेरीज सगळ्यांना दिसलं. पुढच्या रांगेतल्या दुकानदारीणबाईंनी बाटली तळहातावर उपडी केली. तेलाचा ओघळ कोपरापर्यंत गेला.

"हे काय, तळणाचं तेल आणलंय का?"

सभागृह खो खो हसलं. धाकट्याची पापणीही लवली नाही. "वहिनींनी माल बनवताना हयगय केली," तो म्हणाला. आणि थोरल्यानं मान डोलावली. चारचौघांत.

ती उठली. दिराकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. नवऱ्याला विचारलं, "मेण कुणी काढलं?"

"घरचं घरी बोलू ना," तो पुटपुटला.

ती पर्स उचलून बाहेर पडली. जिन्यात त्याच दुकानदारीणबाईंनी तिला गाठलं. आठवड्याभरात ती त्यांच्या दुकानामागच्या खोलीत लोशन बनवू लागली.

धाकट्यानं बाटल्यांवर छापलं, 'दोन थर हीच शुद्धतेची खूण'. मेणाबरोबर त्यानं माल टिकवायचं औषधही काढून टाकलं होतं, त्यामुळे खालच्या पाण्याला बुरशी आली आणि सगळा माल परत आला. हल्ली तो शिबिरं घेतो. लोक जातातही.

एका दुपारी नवरा तिच्याकडे आला. ती तापलेल्या तेलात मेण विरघळवत होती.

"तो काही चूक कबूल करायचा नाही," तो म्हणाला. "तूच सॉरी म्हण आणि विषय संपव."

"भाऊजींना अक्कल नाही, त्यांच्यावर काय रागवायचं?" ती ढवळता ढवळता म्हणाली. "तुम्हाला तर सगळं माहीत होतं."

तो दारात घुटमळला.

"मग घरी कधी येतेस?"

"कपडे न्यायला येईन. तुम्ही नसाल तेव्हा."