सहा सेकंदांची फिल्म

मैदानाच्या कमानीवर चादर घातली होती आणि चादरीखाली ऑरिन हॉल्वरसनचं नाव होतं. चौतीस वर्षं त्यानं नॉर्डल कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाला, म्हणजे चेंडू हातानं फेकत-झेलत खेळणाऱ्या पोरांना, शिकवलं, मैदानावरच्या चुन्याच्या रेघा स्वतःच्या हातानं मारल्या, प्रत्येक सामन्याआधी पोरांसोबत गवतावर गुडघे टेकून प्रार्थना केली. आज सकाळपासून जो तो त्याची पाठ थोपटत होता आणि प्रत्येक थापेसरशी तो आत आत आक्रसत होता. कोटाच्या खिशात खोकल्याच्या गोळ्यांची जुनी पत्र्याची डबी होती. तिच्यावरचा हात त्यानं काढला नव्हता.

त्या काळी सामन्याच्या आठवड्यात दोन्ही संघांचे कोच आपापल्या आधीच्या सामन्याची अख्खी फिल्म अभ्यासासाठी एकमेकांना पाठवत. लेखी काही नसे, सगळं शब्दावर चाले. त्र्याऐंशी साली, अजिंक्यपदाच्या सामन्याआधी, ऑरिननं पाठवायच्या रिळातून एक डाव कात्रीनं कापला आणि टोकं चिकटवून टाकली. एरवी पास फेकणारा गडी चेंडू दुसऱ्याच्या हातात देऊन गुपचूप पुढे पळतो आणि स्वतःच पास झेलतो, असा तो डाव. जेमतेम सहा सेकंदांचा. शनिवारी शेवटच्या मिनिटाला तोच खेळून नॉर्डल जिंकलं. कॉलेजचं ते एकमेव अजिंक्यपद. हरलेल्या संघाच्या कोचला, एमेट क्राउसला, त्याच हिवाळ्यात काढून टाकलं. पुढे तो एका शाळेत गणित शिकवत राहिला.

तोच एमेट आता काठी टेकत, हातात सॉसेजचा पाव घेऊन समोर आला.

"काय रे म्हाताऱ्या, मेल्याशिवाय मैदानाला नाव देत नाहीत म्हणे! तू कसा घुसलास?"

ऑरिनला हसू फुटेना. त्यानं डबी पुढे केली. एमेटनं आतली फिल्मची गुंडाळी काढून उन्हात धरली. डोळे बारीक करून बघत राहिला.

"तो डाव आहे," ऑरिन म्हणाला. "तुला पाठवण्याआधी मी कापला होता."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"फिल्म बघताना तिथं चित्र एकदम उडी मारून पुढे गेलं होतं. माझे मदतनीस म्हणाले, काहीतरी कापलंय, फोन करा त्याला. मीच झापलं त्यांना. म्हटलं, प्रत्येक सामन्याआधी प्रार्थनेला गुडघे टेकणारा माणूस आहे तो, असं करायचा नाही. फिल्म तुटली असेल, जोडली असेल." एमेटनं गुंडाळी परत डबीत ठेवली. "मैदानात डाव दिसला तेव्हा कळलं. पण तुझी ग्वाही मीच दिली होती ना. मग कुठल्या तोंडानं बोलणार?"

एमेटनं शिव्या घातल्या असत्या, तर ऑरिननं त्या मान खाली घालून घेतल्या असत्या. हे मात्र त्याला सोसेना. त्याची प्रार्थनाच त्या फसवणुकीला जामीन राहिली होती.

"पाव गार झाला," एमेट पुटपुटला.

भोंग्यातून ऑरिनचं नाव पुकारलं. टाळ्यांतून वाट काढत तो माईकपाशी गेला. शेकडो माणसं, निम्मी त्याचीच पोरं, आता टक्कल पडलेली. बोलण्याआधी प्रार्थनेच्या सवयीनं त्याचे गुडघे वाकू लागले. त्यानं ते ताठ केले. आज तो आडोसा नको होता.

कुणीतरी चादरीची दोरी ओढायला पुढे झालं.

"राहू दे ती," ऑरिन म्हणाला. "आधी ऐकून घ्या. त्र्याऐंशी साली मी एक फिल्म कापली."

टाळ्या थांबल्या. पुढच्या रांगेत एमेटनं टोपी काढून मांडीवर ठेवली.