आमच्या ह्यांचं मखर

आमचे हे म्हणजे निवृत्त ड्राफ्ट्समन. बंदराच्या ऑफिसात जन्मभर नकाशे काढले, पण घरात खिळा ठोकायचा तर स्टुलावर मीच चढायची. गणपतीचं मखर मात्र ह्यांचं. खांदेश्वरच्या ह्या फ्लॅटमध्ये बाजारातलं मखर कधी शिरलं नाही. पुठ्ठा, बांबूच्या काड्या, घोटीव कागद, काय वाट्टेल त्याचं हे करायचे आणि सोसायटीतले लोक बघायला यायचे.

गेल्या वर्षी ह्यांचा हात थरथरू लागला. गोळ्या चालू आहेत, पण कात्री हातात घेतली की हात ऐकत नाही. खांब वाकडे चिकटले. आरतीला आलेले सगळे छान छान म्हणाले, आणि ते तोंडदेखलं आहे हे ह्यांना बरोबर कळलं. विसर्जनाहून परतल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, "पुढल्या वर्षी बाजारातलं आणा." मला रडू आलं, मग राग आला. माझं ते नेहमीचंच आहे, एकामागून दुसरं येतंच.

आमची मुलगी क्षिप्रा बापावर गेलेली, गप्प बसून काहीतरी शोधून काढणारी. तिने एक प्रोग्रॅम आणला. मुलं प्लास्टिकच्या विटा जोडून घरं करतात ना, तशाच विटा पडद्यावर रचायच्या. माऊस धरलेला हात थरथरला तरी वीट आपली जवळच्या खाचेत जाऊन नीट बसते. सगळं रचून झालं की प्रोग्रॅम एकेक पायरी चित्राने दाखवतो, ती बघून खऱ्या विटांनी कोणीही तेच उभं करावं.

ह्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर तिने लिनक्स घातलंय, कारण दुसरं काही त्या म्हाताऱ्या यंत्राला झेपत नव्हतं. सुरुवातीला वीट माऊसच्या मागून रडतखडत यायची. क्षिप्राने विटांच्या सावल्या बंद केल्या, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. तिच्या ऑफिसच्या मॅकवर तर वीट लोण्यासारखी सरकायची. हे इतके रमले की चहा गार होऊ लागला. मी ओरडायचे, पण मनातून असं बरं वाटायचं की काय सांगू.

खऱ्या विटा जमवल्या आमच्या विहीणबाईंनी. क्षिप्राचं सासर बोनकोड्याचं, मूळ गावातलं आगरी घर. जयमालाबाई गल्लीत दारोदार फिरल्या आणि मोठ्या झालेल्या पोरांनी माळ्यावर टाकलेल्या विटा पोतंभर गोळा केल्या. त्यांच्याच हॉलमध्ये जावयाने, म्हणजे प्रीतमने, मखर बांधायचं आणि टेम्पोने आमच्याकडे आणायचं असं ठरलं.

गणपती तोंडावर आले आणि क्षिप्राला ऑफिसने हैदराबादला पाठवलं. मॅक तिच्याबरोबर गेला. राहिला प्रीतमचा विंडोजचा लॅपटॉप. ह्यांनी अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर दिला, आणि संध्याकाळी प्रीतमचा फोन आला.

"पप्पा, यात कायच दिसत नाय. नुसती रिकामी जमीन येते."

ह्यांनी पुन्हा कॉपी करून पाठवलं. पुन्हा रिकामी जमीन. क्षिप्रानेही तिकडून फोनवर चार उपाय सांगितले, सगळे करून झाले. तसे हे खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलंय. आता हात काय आणि डोकं काय. जाऊ दे, बाजारातलं सांगून ये."

"कोण सांगतंय ते बघते मी," मी म्हटलं. "उठा. बोनकोड्याला जायचंय."

आम्ही पोचलो तर प्रीतम विटांच्या ढिगात मांडी घालून बसलेला, रंग वेगळे करून ठेवलेले. "विहीनबाय, च्या घ्या आदी," जयमालाबाई म्हणाल्या. मी म्हटलं, चहा नंतर, आधी तो लॅपटॉप इकडे द्या.

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण माझ्या नवऱ्याचं डोकं गेलं असं एखादं मशीन म्हणत असेल, तर त्या मशीनशी भांडायची माझी तयारी होती. प्रीतमला म्हटलं, "ह्यांचं बाजूला ठेव. कोरं काहीतरी काढ." त्याने स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये प्रोग्रॅमच्या विटा इंटरनेटवरून नव्याने उतरवल्या. मी एकावर एक तीन विटा ठेवल्या, बंद केलं, उघडलं. तिन्ही जागच्या जागी.

"म्हणजे प्रोग्रॅम चालतो. मग दोन्हीत फरक काय?"

प्रीतमने दोन्ही फोल्डर शेजारी शेजारी आणले. त्याचा इंग्रजीत 'प्रीतम'. ह्यांच्या फोल्डरचं नाव होतं, '॥ श्री ॥'.

आता हे मला नवीन नव्हतं. नकाशाच्या कोपऱ्यात आधी श्री, मग पहिली रेघ. किराण्याच्या यादीवरसुद्धा श्री लिहिणारा माणूस मखराचा फोल्डर नुसता कसा ठेवेल? विटांचं सगळं भांडार त्या श्रीच्या आत होतं. लिनक्सने ते मुकाट वाचलं, मॅकने वाचलं. ह्या प्रोग्रॅमची विंडोजवरची आवृत्ती जुनी, तिला नावात देवनागरी दिसली की पुढची वाटच सापडत नव्हती.

प्रीतमने नाव बदलून इंग्रजीत 'मखर' केलं. उघडलं. खांब, कमान, वर छोटं शिखर, एकही वीट इकडची तिकडे नाही. प्रीतमने शिट्टी मारली. "पप्पा, तुमची एक वीट चुकलेली नाय!"

मला वाटलं हे हसतील. पण ह्यांची नजर त्या नव्या नावावरच. "श्रीशिवाय मी काम सुरू केलं नाही कधी," एवढंच म्हणाले.

"अहो, बाप्पासाठीच तर चाललंय सगळं. त्याला कळतं."

ह्यांनी लॅपटॉप ओढून घेतला आणि माऊस धरला. हात थरथरत होता, वीट नेमकी बसत होती. चहा गार झाला. मी ओरडले नाही.

दुसऱ्या दिवशी बांधायला बसलो. प्रीतम पडद्यावर बघून म्हणाला, "पप्पा, पहिल्याच थरात लाल विटा कशाला? वरती पाट येनार, दिसनार कोनाला?"

"लाव तू."

त्याने एकेक लाल वीट दाबून बसवली. पांढऱ्या चौथऱ्यावर अक्षर उमटलं, श्री. गेलं वर्षभर ह्यांच्या हातचा श्री मी बघत होते, किराण्याच्या यादीवर, दुधाच्या कॅलेंडरवर, पाण्यावर हलणाऱ्या सावलीसारखा. हा तसा नव्हता. हा नकाशांच्या कोपऱ्यातला होता, तरुणपणीचा, ताठ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ह्या खेपेला मागून राग आलाच नाही.

जयमालाबाईंनी त्यावर हळदकुंकू वाहिलं. मग प्रीतमने दुसरा थर चढवला आणि श्री झाकला गेला.

गणपती बसले. सोसायटीतले लोक आले, छान छान म्हणाले. हे त्यांच्याकडे बघतही नव्हते, मान वाकडी करून शिखर न्याहाळत होते.

"जरा ठेंगणं झालं गं," मला म्हणाले. "पुढल्या वर्षी दोन थर वाढवू."