गाईंनी नाकारलेलं कुरण

मी कुरण बोलतोय. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात, समुद्राचा खारा वारा जिथवर पोचत नाही अशा टेकड्यांत, फिनबार आणि त्याची थोरली बहीण गॉबनेट यांच्या घरामागे मी पसरलो आहे. दिसायला देखणा. येणारे-जाणारे ट्रॅक्टर थांबवून बघायचे आणि मी फुगायचो.

पण गाई मला तोंड लावत नसत. दोन घास खाल्ले की फाटकापाशी जाऊन हंबरायच्या, फिनबारचा घामट कोट चाटायच्या. त्याला वाटे, काय हा माझ्यावर जीव! दूध मात्र आटत चाललं होतं. तो दरवर्षी पोटॅशच्या गोण्या माझ्यावर रिकाम्या करी. पोटॅश जास्त झालं की माझ्या मुळांना मीठ घ्यायला वावच उरत नाही, पण मला विचारतो कोण! शेवटी वैतागून त्यानं इथं लाकडासाठी स्प्रूसची, म्हणजे उंच सूचिपर्णी झाडं लावायची ठरवली, रोपवाल्याला बोलावणंही धाडलं. मला धडकीच भरली. त्या दाट सावलीत गवत जगतं होय?

मला वाचवलं गॉबनेटनं. दर रविवारी ती खारवलेलं डुकराचं मांस उकडते आणि ते पाणी भिंतीवरून माझ्या एका कोपऱ्यात भिरकावते. त्या रविवारी बघते तर सगळ्या गाई त्याच कोपऱ्यात दाटीवाटीनं उभ्या. तेवढा तुकडा पार मुळापर्यंत कुरतडलेला. तिनं तिथलं उरलेलं एक पातं तोडून चावलं, मग दुसरीकडचं एक, आणि भावाला बोलावून त्यालाही दोन्ही चावायला लावली.

"लोक बघतील गं ताई," तो कुरकुरला.

"बघू देत. इथलं खारट लागतंय ना? बाकीचं सगळं अळणी आहे. अळणी जेवण तुला तरी गेलं असतं का? आणि तुझा कोट चाटतात ना, तो मिठासाठी. तुझ्यावर काही कोणी भाळलेलं नाही."

फिनबारचं तोंड एवढंसं झालं. पण त्यानं पोटॅश थांबवलं आणि खताबरोबर माझ्यावर मीठ पसरलं. रिमझिमीनं ते मुरलं. काही आठवड्यांनी फाटक उघडलं, गाईंच्या माना खाली गेल्या त्या वर येईनात. नुसती कचकच. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. तुमच्याकडेही कोणी पानावरून उठलं, तर त्याला नखरेल म्हणण्याआधी स्वतःची भाजी चाखून बघा, एवढंच माझं मागणं.

फिनबार डोकं खाजवत म्हणाला, "आज तो रोपवाला यायचाय. त्याला काय सांगू?"

गॉबनेट भिंतीवर रेलून गाईंकडे बघत होती.

"सांग, पंगत बसलीय. जेवणाऱ्याला उठवत नाहीत."